गुरुजींचा एक जून

एक जूनला आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. सकाळपासून व्हॉट्सॲपच्या गटावर केकची चित्रं पडत राहतात आणि शुभेच्छा कोणी कोणाला द्यायच्या तेच कळत नाही, कारण देणाराही त्याच दिवशी जन्मलेला असतो. मीही त्यातलीच. आई सांगायची, तू हुरड्याच्या दिवसांत झालीस, शेतातून येतानाच कळा सुरू झाल्या. हुरडा जूनमध्ये येत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण कागदावर मी एक जूनची, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या तारखेशी माझं जमलेलंही आहे. यंदा मात्र गटावर कोणी केक टाकला नाही. सकाळी सात वाजता इस्माईलनं मन्मथ गुरुजींचा एक जुना फोटो टाकला आणि दिवसभर त्याखाली कोणी काही लिहिलं नाही.

आम्हा सगळ्यांना ही तारीख गुरुजींनीच दिली होती.

आमचं गाव उदगीरपासून दहा-बारा किलोमीटरवर. शाळा दोन खोल्यांची, पण त्या खोल्यांत गुरुजींनी कधी वर्ग घेतला नाही. त्यांना बंद दार सहन व्हायचं नाही. लहानपणी त्यांच्या आजानं त्यांना ज्वारी काढायला पेवात उतरवलं होतं. जमिनीच्या पोटातली ती धान्याची खोल विहीर, वर दगडाचं झाकण. वरचा माणूस कोणाशी तरी बोलायला गेला आणि झाकण सरकलं. पोरगं आत किती वेळ होतं ते घरात प्रत्येक जण वेगळं सांगायचा. गुरुजी काहीच सांगायचे नाहीत. पण एसटीत ते दाराजवळची जागा धरायचे, डॉक्टरकडे तपासून घेताना दाराला पाय लावून ठेवायचे, आणि घराचं दार थंडीतही सताड उघडं असायचं. त्यामुळे आमची शाळा लिंबाखाली भरली. पाऊस आला की व्हरांड्यात. खोल्यांमध्ये सरपण आणि निवडणुकीच्या पेट्या असायच्या.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा नेहरू शर्ट आणि खिशात दोन पेनांच्या मध्ये खडूचा एक तुकडा. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तो तुकडा हलला नव्हता. दर धुण्याला शर्टाचा खिसा पांढरा व्हायचा आणि काकू, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, होत्या तोवर त्यावरून गुरुजी रोज त्यांची बोलणी खायचे.

जूनमध्ये नाव घालायला आईबाप यायचे. गुरुजी विचारायचे, "कधी झालं लेकरू?"

"पोळ्याच्या अल्याड-पल्याड. त्या साली लई पाऊस झालता बगा."

"कोणतं साल?"

"आता ते कसं सांगावं, गुरुजी."

मग गुरुजी पोराला उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. नाही लागला तर गुरुजी स्वतः पोराची मान जरा कलती करायचे, मग लागायचा. रजिस्टरमध्ये तारीख पडायची एक जून, आणि साल त्या हिशेबानं. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोराचं वर्ष वाया जाऊ नये, एवढाच विचार. गुरुजींची स्वतःची तारीखही एक जूनच होती. त्यांच्या गुरुजींनी लिहिलेली.

शिकवायचे सगळंच, पण जीव भूगोलात. शनिवारी सकाळी ते कबड्डीच्या रेषा आखतात ती फक्की घेऊन मैदानात उतरायचे आणि जग काढायचे. वाकून, मागं मागं सरकत, नकाशात न बघता. हिंदुस्थान नेहमी थोडा मोठा यायचा. मग एकेका देशात एकेक पोर उभं करायचं. मी मंगोलियात असायचे. इस्माईल इजिप्तमध्ये, कारण त्याला उंट आवडायचे. बसप्पा नेपाळात. भगवान रडका होता, त्याला गुरुजी आपल्या जवळ लंकेत ठेवायचे. मग एकेकानं प्रवासाला निघायचं. नियम एकच. हद्दीपाशी थांबायचं, आतल्या पोराला रामराम करायचा, आतल्यानं "या" म्हणायचं, मग पाय टाकायचा. न विचारता पाय टाकला की बाद.

"नकाशात वाट असतेच," गुरुजी म्हणायचे, "जाणारा पाहिजे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल. पुढं मला त्याचा राग यायला लागला.

गुरुजींचा मुलगा आणि सून लवकर गेली. मागं राहिली नात, गौरी. ती लातूरच्या दवाखान्यात झाली होती, म्हणून तिची जन्मतारीख तेवढी खरी, वेळेसकट. पुढं ती लातूरलाच खोली करून शिकली. तिकडं अकरावी-बारावीची पोरं कशी घासतात ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इथं नंबर लागला नाही, मग ती किर्गिझस्तानात गेली, बिश्केकला, डॉक्टर व्हायला. आमच्या भागातली बरीच पोरं तिकडे जातात. गुरुजींनी गावभर अक्षांश-रेखांशासकट सांगितलं.

ती डॉक्टर होऊन आली. पण बाहेरून शिकून आलं की इथं पुन्हा एक परीक्षा द्यावी लागते, तिच्यात ती दोनदा नापास झाली. दुसऱ्या निकालाच्या दिवशी गुरुजी, ज्यांनी कधी पोरावर छडी उचलली नाही, तिला म्हणाले, "ज्या गावानं तुला डॉक्टर केलं तिकडंच जा. पास झाल्याबिगर ह्या उंबऱ्यात येऊ नको."

आठवड्यात ती गेली. बिश्केकच्या एका दवाखान्यात कामाला लागली. आली नाही.

मला वाटतं, ते बोलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गुरुजी तो शब्द परत घ्यायच्या खटपटीत होते. पण परत घ्यायची त्यांची रीत त्यांच्यासारखीच. आधी बसप्पानं तिकीट काढून दिलं. बसप्पाचा उदगीरच्या मोंढ्यात डाळीचा धंदा आहे आणि गुरुजींवर फार जीव. हैदराबादहून आधी दिल्लीचं विमान होतं. इस्माईलनं स्वतःच्या जीपमधून नेऊन सोडलं. गुरुजी आत जाऊन बसले, पट्टा लावला, आणि विमानाचं दार लागलं. पुढचं इस्माईलला विमानतळावरच्या एका पोलिसानं सांगितलं. म्हातारबाबा उठून दाराशी गेले, आणि दोन्ही तळवे दारावर ठेवून "झाकण काढा, झाकण काढा" म्हणत राहिले. त्यांना उतरवलं. इस्माईल अजून पार्किंगमध्येच होता. परतीच्या वाटेवर जहिराबाद मागं पडलं. मग गुरुजीच म्हणाले, "इस्माईल, तुझी जीप किती लांब जाते रे?"

तिथून हे सुरू झालं.

उदगीरला बसस्टँडच्या मागं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, पीकविमा, परीक्षांचे अर्ज, पासपोर्ट, सगळं. गुरुजी एका सकाळी आले, स्टूल उंबऱ्याबाहेर ओढून बसले आणि म्हणाले, "सुनंदे, गाडीनं बिश्केकला जायला कोणते कागद लागतात ते बघ."

मी हात जोडले. "गुरुजी, फोन करा की. नुसतं ये म्हणा. तिसऱ्या दिवशी पोरगी दारात उभी राहील."

"लेकीला कुणी फोनवर बोलावतं का? मुराळी जावा लागतो."

"ती काय सासरी गेलीय का, मुराळी पाठवायला?"

"सासरी न्हाई. पण घालवलं मीच. मग आणायला बी मीच जायचं."

आमच्याकडे लेक माहेरी एकटी येत नाही. बाप नाहीतर भाऊ गाडी जुंपून जातो, चार दिवस पाहुणचार घेतो आणि तिला घेऊन येतो. तो मुराळी. हे मला शिकवायची गरज नव्हती. पण मुराळ्याला वाटेत दोन देश लागतात हे कुठल्याच रीतीत बसत नव्हतं.

मी शोधायला बसले. पाकिस्तानातून वाट जवळची, पण ती आमच्यासाठी नाही. म्हणजे उदगीर, नागपूर, गोरखपूर, नेपाळ, तिथून चीन, आणि चीनच्या पार पश्चिम टोकाला किर्गिझस्तान. नेपाळात आपल्याला व्हिसा नाही, फक्त गाडीचा परवाना. किर्गिझस्तानचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण तो कोणत्या नाक्यावर चालतो आणि कोणत्या नाही याची वेगळी यादी. खरी मेख चीनमध्ये. स्वतःची गाडी न्यायची तर तिथला वाटाड्या गाडीत बसवावा लागतो, गाडीला तिथली तात्पुरती नंबरप्लेट, चालवणाऱ्याला तिथलं तात्पुरतं लायसन. आणि आम्हाला ज्या वाटेनं जायचं तिथं एकट्याला व्हिसा नाही. गटाला. दिल्लीच्या एका एजंटनं सांगितलं, कमीत कमी पाच जण, एकाच कागदावर पाची नावं, सगळ्यांनी ठरल्या दिवशी एकत्र आत शिरायचं आणि ठरल्या दिवशी एकत्र बाहेर पडायचं. एक गळाला की सगळा कागद रद्द.

गुरुजींना हे भलतंच आवडलं. "सहलीसारखंच हाय की. एक हरवला तर सगळ्यांनी थांबायचं."

गट जमायला दोन दिवसही लागले नाहीत. जीप इस्माईलची, म्हणून इस्माईल. बसप्पा म्हणाला, "मोंढा पोरगा बघतो. मी येतो, गुरुजी." भगवान बिलोलीला तलाठी होता, नोकरी संपत आलेली, रजा पडून होती. तो फोनवरच रडला आणि हो म्हणाला. पाचवी मी. मला कुठंही जायचं नव्हतं. मी लातूरला गेले तरी संध्याकाळच्या गाडीनं परत येते. पण गुरुजींनी विचारलंच नाही, सरळ यादीत माझं नाव लिहून मोकळे झाले, आणि मलाही नाही म्हणवलं नाही.

गुरुजींचा पासपोर्ट आधीच होता, बाकी चौघांच्या पासपोर्टला आम्ही पाची जण नांदेडला गेलो. डिसेंबरातली सकाळ, काचा सगळ्या खाली, बसप्पा कानटोपी घालून कुडकुडतोय आणि गुरुजी पुढं बसून वाटेतल्या नद्यांची नावं विचारतायत. मन्याड आली तेव्हा भगवान चुकला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण त्यानं जीभ चावली.

गुरुजींचा एक हट्ट होता. चीनचा गटाचा अर्ज भरताना ते म्हणाले, "आधी परतीचा भर."

"गुरुजी, जाण्याचा मंजूर झाल्याबिगर परतीचा कसा भरणार?"

"भर तू. पेन्सिलीनं भर."

म्हणून मी परतीचा अर्ज आधी छापून काढला. त्यात सहा नावं होती. सहावं गौरीचं. तो कागद ते खिशात खडूजवळ ठेवायचे.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर त्यांनी खडूनं वेळापत्रक काढलं. नेपाळचा परवाना या तारखेपासून, चीनमध्ये या तारखेला आत, या तारखेला बाहेर, त्याच दिवशी किर्गिझस्तानात. किर्गिझस्तानचा व्हिसा लवकर काढला तर चीनच्या आधी संपतो, उशिरा काढला तर चीनचा एजंट पुढचा व्हिसा दाखवल्याशिवाय कागद घेत नाही. एक तारीख सरकली की सगळ्या सरकायच्या. गुरुजी पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. सप्टेंबरनंतर घाटात बर्फ, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, शाळेचं हाय का? मी हो म्हणायचे.

या सगळ्यात एकदा मी मुद्दाम गौरीला व्हिडिओ कॉल लावून फोन गुरुजींच्या हातात दिला. म्हटलं, समोरासमोर आले की बोलतील. दोघं दहा मिनिटं बोलली. तिथं तापमान किती, बर्फ किती, ज्वारी मिळते का, तिथल्या नदीचं नाव काय. गौरी म्हणाली, "आजोबा, खोकला कसा हाय?" गुरुजी म्हणाले, "समुद्र लांब हाय ना तुमच्याकडं, म्हणून हवा कोरडी." फोन ठेवला. मी डोक्याला हात लावला.

मग मी मागून तिला एकटीच बोलले. "गौरे, म्हातारा जीप घेऊन चीनमधून येऊन राहिला तुला न्यायला. तूच ये की."

 ती म्हणाली, "आत्या, त्यांनी एकदा ये म्हणू द्या. मी त्याच दिवशी निघते."

आता या दोघांच्या मध्ये मी काय करणार होते? एकाला म्हणायचं नाही, दुसरीला म्हटल्याशिवाय यायचं नाही. मी आपली फॉर्म भरत राहिले.

किर्गिझस्तानचे व्हिसा आले. छापून प्रत्येकाच्या हातात दिले. बसप्पानं देव्हाऱ्यात ठेवला. आणि चौथ्या दिवशी दिल्लीहून एजंटचा फोन.

"मॅडम, आपने फॉर्म में गलती की है. पाँचों का बर्थडे एक ही डाला है."

"गलती नहीं है. वही है."

"पाँचों का? एक जून?"

"हाँ."

"तीन का तो साल भी एक है."

"हाँ, वो एक ही क्लास में थे."

 त्याला वाटलं असणार, ही बाई डोक्यानं सरकली आहे किंवा खोटे पासपोर्ट करते. मग त्यानं सरळ सांगितलं, एका कागदावर एकाच जन्मतारखेची पाच माणसं मी पुढं पाठवणार नाही, पाठवली तर माझं नाव काळ्या यादीत जाईल. जन्म झाला तेव्हाचे मूळ दाखले आणा. एकेकट्यानं अर्ज केला असता तर कोणी बघितलंही नसतं. एका जागी आल्यावर आम्ही संशयित झालो.

मी फोन ठेवला. गुरुजी उंबऱ्याबाहेर स्टुलावर होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "मंग? पंचायतीत बघू."

पंचायतीत आमच्या जन्माच्या वर्षांचं रजिस्टर नव्हतं. वाळवीनं खाल्लं, असं ग्रामसेवक म्हणाला. तहसीलला गेलो. तिथला कारकून भला माणूस, त्यानं बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाला, जन्माची उशिरानं नोंद करता येते, पुरावा म्हणून शाळेचं प्रवेश रजिस्टर आणा. रजिस्टर आणलं. त्यात गुरुजींच्या सुरेख अक्षरात ओळीनं एक जून, एक जून, एक जून. कारकुनानं दोन पानं उलटली, तिसरं उलटलं, आणि चष्मा काढून गुरुजींकडे बघितलं.

"हे तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"सगळीच पोरं एक जूनला झाली?"

गुरुजी त्या पानांवरून हात फिरवत होते. "हात कानाला पुरला की मी लिहायचो," ते म्हणाले. "पोरांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून."

कारकुनानंच वाट सुचवली. गुरुजींनी स्टँपपेपरवर लिहून द्यायचं की त्या काळी तारखा अंदाजानं घालत असू, ही पाच माणसं वेगवेगळ्या दिवशी जन्मलेली आहेत. मी दिल्लीला विचारलं. एजंट म्हणाला, असं प्रतिज्ञापत्र भाषांतरासह दिलंत तर मी पाठवतो. गुरुजींचा चेहरा इतका उजळला की मला गंमत वाटली. त्याच दुपारी माझ्या दुकानात बसून त्यांनी मजकूर लिहिला. सही दुसऱ्या दिवशी तहसीलला जाऊन करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच भगवान आला. बिलोलीहून देगलूरमार्गे, दोन एसटी बदलून. मी त्याला आदल्या संध्याकाळी फोनवर आनंदानं सगळं सांगितलं होतं. ती चूक माझी. त्यानं पाणी घेतलं नाही. गुरुजींच्या स्टुलाजवळ खाली, पायरीवरच बसला.

"गुरुजी, ते लिहून देऊ नका."

"कामून रे?"

"मी कागदापेक्षा दोन वर्षांनी मोठा हाय. तुमाला ठाव हाय. माझा हात तर कवाच कानाला लागत व्हता." तो खाली बघत बोलत होता. "नऊ महिने राहिले माझे. तलाठ्याला दुश्मन काय कमी असतात का? उद्या कुणी हा कागद काढला अन् अर्ज दिला की ह्याची तारीखच अंदाजाची, तर चौकशी लागते. पेन्शन अडकून पडते. मी एकटा न्हाई, गुरुजी. आपल्या शाळेतले किती जण नोकरीत हायत. एसटीत हायत, पोलिसात हायत."

इस्माईल तोवर आला होता. तो म्हणाला, "अरे, इसका नाम निकाल के चार लोगां का लिख देते ना."

"रजिस्टर तर एकच हाय ना, इस्माईल," भगवान म्हणाला.

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत गुरुजी बघत राहिले. मग म्हणाले, "भगवान, किती पोरांचं लिहिलं असंल रे मी?"

 भगवान लहानपणी रडायचा तसाच रडत होता, शर्टाच्या बाहीत तोंड घालून.

गुरुजींनी तो स्टँपपेपर उचलला, चार घड्या घातल्या आणि भगवानच्या वरच्या खिशात ठेवला. "हे तूच ठेव. मी सही केली न्हाई." मग माझ्याकडे वळून, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात, "सुनंदे, चौघांचा गट होत न्हाई ना?"

"न्हाई, गुरुजी."

"बरं."

उठले आणि चालत बसस्टँडकडे गेले. काठी विसरली होती, ती इस्माईलनं धावत जाऊन दिली.

मला त्या दिवशी भगवानचा राग आला, गुरुजींचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. भगवान खोटं बोलत नव्हता, त्याची चूकही नव्हती. गुरुजींनी कागदावर त्याची दोन वर्षं वाचवली होती, तीच तो सांभाळत होता. मी दुसरा काही रस्ता निघतो का ते शोधलं, दुसरे एजंट धरले, अर्ध्या वाटेपर्यंत बोटीचं बघितलं. बोटीत केबिनला दार असतं. भिंतीवरचं वेळापत्रक मी पुसलं नाही. सप्टेंबर त्याच्यावरून निघून गेला आणि आमचे बिश्केकचे व्हिसा घरोघरी संपले.

त्यानंतर गुरुजी आठ महिने होते. माझ्या दुकानात फारसे आले नाहीत. एकदा मी न राहवून त्यांच्या घरी जाऊन भांडले. म्हटलं, "आता तरी फोनवर म्हणा. तुमचा मुराळीपणा कोणत्या सरकारला कळणार हाय?" ते म्हणाले, "हाव, म्हणतो की." नंबर मीच लावून दिला. त्यांनी फोन कानाला लावला, "गौरी" एवढं म्हणाले, आणि खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेपर्यंत तिकडून ती "आजोबा, पाणी प्या, पाणी प्या" करत होती. मग ते पाणी प्यायले आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

गौरी आली, पण तेव्हा गुरुजींना जाऊन तीन दिवस झाले होते. आणायला कोणी गेलं नव्हतं. हैदराबादपर्यंत विमान, पुढं बस, मग रिक्षा. दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. ती उंबऱ्याबाहेर बॅग धरून उभी राहिली. आम्ही आत बसलेली सगळी माणसं तिच्याकडे नुसती बघत राहिलो, तिला आत ये म्हणायचं कोणालाच सुचेना. तो मान आपला नाही, असं काहीसं प्रत्येकाला वाटलं असावं. शेवटी इस्माईल उठला आणि म्हणाला, "आ बेटा, अंदर आ." तिनं मान हलवली, पण पाय उचलायला तिला बराच वेळ लागला.

मला गुरुजी शेवटचे दिसले ते त्याच्या दोन महिने आधी. एजंटकडून आमचे पासपोर्ट परत आले होते, त्यांचा द्यायला मी शनिवारी सकाळी गावात गेले. घरी नव्हते. शेजारीण म्हणाली, शाळेत असतील, शनिवारी जातात. नव्या बाई त्यांना जाऊ द्यायच्या.

मैदानात जग काढून झालं होतं. हिंदुस्थान थोडा मोठा आलाच होता. देशोदेशी पोरं उभी होती, ऊन लागू नये म्हणून कोणी डोक्यावर दप्तर धरलेलं. मी पासपोर्ट दिला. त्यांनी उघडून सगळी पानं चाळली. सगळी कोरी. मग तो खिशात ठेवला, खडूजवळ, आणि पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "आता मी निघतो. बघा रे, चुकलो तर सांगा."

काठी टेकत ते निघाले. नेपाळपाशी थांबले, रामराम केला. आतलं पोर म्हणालं, "या." चीनपाशी थांबले, रामराम. "या, गुरुजी." चीन मोठा होता, ओलांडताना त्यांना दम लागला, दोनदा थांबले. मग पश्चिमेच्या टोकाला एका छोट्या देशाच्या हद्दीपाशी गेले. आत तिसरीतली एक पोरगी उभी होती, दोन वेण्यांची. गुरुजींनी हात जोडले.

"रामराम."

"या," पोरगी म्हणाली.

गुरुजी उभेच राहिले. पोरीला वाटलं ऐकू आलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "या की, गुरुजी. आत या."

पोरांच्या पायांनी तिथली रेघ पुसट झाली होती. गुरुजींनी पिशवीतून मूठभर फक्की काढली, हळूहळू खाली वाकले, आणि ती हद्द पुन्हा नीट ओढायला लागले.